वेबपानाची विद्या आणि उपनगरातील विद्यार्थी

नकाशावर पाहिले असता बोरिवली आणि मुलुंड ही दोन उपनगरे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दोन अंगांना, एकमेकांकडे पाठ करून बसलेली दिसतात. तथापि बोरिवलीच्या विद्यार्थ्याला मुलुंडच्या एखाद्या महाविद्यालयात सायंकाळच्या वर्गाला जावयाचे असेल, तर त्याने लोकलने दादर गाठावे, गर्दीतून पूल ओलांडावा, मध्य रेल्वेची गाडी धरावी आणि जेवढे खाली उतरला तेवढेच पुन्हा उत्तरेकडे चढून जावे, अथवा रस्त्याने त्या अरण्याला वळसा घालावा, याखेरीज त्याला फारसे गत्यंतर नसते. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हा पूर्व आणि पश्चिम उपनगरांमधली ही जुनी अडचण ११.४ किलोमीटरांच्या एका पट्ट्यापुरती दूर झाली. परंतु उरलेल्या उपनगरात विद्येच्या मार्गातले अंतर अद्यापि तासांतच मोजावे लागते. अशा भूभागात वेबपान रचण्याची विद्या, म्हणजे वेब प्रोग्रॅमिंग, घरबसल्या महाविद्यालयीन दर्जाने शिकता येते, ही वार्ता घरोघरच्या तरुणांना आणि त्यांच्या आईवडिलांना आश्वासक वाटावी हे स्वाभाविकच आहे. हा अभ्यासक्रम घरी बसून खरोखर साध्य होतो काय, दप्तरी त्याला मान्यता किती, आणि त्यातले कोणते काम शिकणाऱ्याने स्वतःच उभे केले पाहिजे, या तीन प्रश्नांचा येथे क्रमाने विचार करावयाचा आहे.

उपनगरातील मराठी कुटुंबांत 'क्लास लावणे' ही रीत नवी नव्हे. स्टेशनाजवळच्या जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर टंकलेखन आणि लघुलेखन यांचे वर्ग चालत, आणि तेथून शासकीय परीक्षेचा दाखला घेऊन बाहेर पडलेल्या मुलामुलींना फोर्टातल्या कचेऱ्यांत कारकुनी मिळे. दोन पिढ्यांच्या संसारांना त्या यंत्रांच्या टकटकीने आधार दिला आहे. १९७३ साली अंधेरीच्या पूर्वेस सीप्झ हे निर्यात-क्षेत्र स्थापन झाले, कालांतराने तेथे संगणकाची कामे वाढली, आणि टंकलेखनाच्या वर्गांशेजारी संगणकाच्या वर्गांच्या पाट्या दिसू लागल्या. एनआयआयटी ही संस्था १९८१ ची, अॅपटेक १९८६ ची. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम आणला आणि संगणक-साक्षरतेचा दाखला तालुक्याच्या गावापर्यंत नेला. या सर्व वर्गांचे एक समान लक्षण असे होते, की यंत्र, शिक्षक आणि विद्यार्थी ही तिन्ही एकाच खोलीत असत. पैकी यंत्र आज विद्यार्थ्याच्या घरी आले आहे आणि शिक्षक पडद्यावर गेला आहे. या पालटाने काय मिळाले आणि काय निसटले, याचा हिशेब मांडल्याशिवाय प्रस्तुत विषयाचा उलगडा होणार नाही.

दूरस्थ शिक्षणाची कल्पना मात्र संगणकाच्या पूर्वीची आहे. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली तीच वाट धरली. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ अस्तित्वात आले. नोकरी करून रात्री अभ्यास करणाऱ्या असंख्यांना या संस्थांनी पदवीचे दार उघडून दिले, हे उपकार विसरता येणार नाहीत. परंतु इतिहास वा वाणिज्य हे विषय जसे छापील पाठांतून आत्मसात होत, तसे प्रोग्रॅमिंग होत नसे. कारण कागदावरची आज्ञावली चूक आहे की बरोबर हे यंत्राने चालवून दाखविल्यावाचून कळत नाही, आणि यंत्र तर त्या काळी विद्यार्थ्याच्या हाताशी नसे.

ही उणीव ज्या शोधाने भरून काढली, तो शोधच आपल्या अभ्यासाचा विषयही आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वर्ल्ड वाइड वेबचा प्रस्ताव मांडला, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने हे तंत्र कोणतेही मूल्य न घेता सर्व जगाला खुले केले. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट-सेवा सुरू केली. या माध्यमाचा एक गुण विद्यार्थ्याच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. जगातील कोणतेही वेबपान ब्राउझरमध्ये उघडले, की ते ज्या खुणांनी रचले आहे तो मूळ मजकूर त्याच ब्राउझरमध्ये वाचावयास मिळतो. शिंप्याने शिवलेला सदरा उसवल्याशिवाय त्याची बेतणी दिसत नाही; वेबपानाची बेतणी मात्र सदैव उघडी असते. पाहून शिकण्याची ही मुभा असल्यामुळेच गुरुगृही न राहता शिकण्यास जे थोडे विषय खरोखर अनुकूल आहेत, त्यांत या विद्येची गणना करावी लागते.

विषयाचा विस्तारही अनेक समजतात तेवढा भयावह नाही. एचटीएमएल ही पानाचा सांगाडा सांगणारी खुणांची भाषा. होकोन व्हियम ली यांनी १९९४ साली सुचविलेली सीएसएस ही त्या सांगाड्याला रूप देणारी. आणि ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली अवघ्या दहा दिवसांत जिचा पहिला आराखडा सिद्ध केला ती जावास्क्रिप्ट, पानाला हालचाल देणारी. या तिन्ही ब्राउझरमध्ये चालतात. पलीकडे सर्व्हरवर पीएचपी अथवा पायथनसारखी भाषा आणि माहिती साठविणारा डेटाबेस असतो. मुंबई विद्यापीठाच्या माहिती-तंत्रज्ञान विषयातील बीएस्सीच्या २०१६ च्या सुमारास सुधारलेल्या अभ्यासक्रमात दुसऱ्या सत्रालाच 'वेब प्रोग्रॅमिंग' हा विषय असून त्यात एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, पीएचपी आणि मायएसक्यूएल हीच चढण आखलेली होती. ऑनलाइन अभ्यासक्रमांची अनुक्रमणिका काढून पाहिली तरी थोड्याफार फरकाने हाच मार्ग दिसतो. तेव्हा विषयाच्या व्याप्तीत घर आणि महाविद्यालय यांत अंतर पडते असे म्हणता येत नाही.

अंतर पडते ते चुकीच्या ठिकाणी, आणि ही बाब बारकाईने पाहण्यासारखी आहे. ब्राउझर हा एचटीएमएलच्या बाबतीत अत्यंत क्षमाशील वाचक आहे. एखादी खूण उघडून बंद करावयाची राहिली, दोन खुणा एकमेकींत चुकीच्या गुंतल्या, तरी तो तक्रार करीत नाही. आपल्या परीने अर्थ लावून पान दाखवितो. शिकणाऱ्याला पान दिसले म्हणजे काम झाले असे वाटते, आणि तो पुढील पाठाकडे वळतो. मग तेच पान मोबाइलच्या अरुंद पडद्यावर विस्कटते, अथवा दृष्टिहीन व्यक्तीला पान वाचून दाखविणारे साधन त्यातील चित्रापाशी अडखळते, कारण चित्राचे शाब्दिक वर्णन लिहिलेलेच नसते. जावास्क्रिप्टची तऱ्हा याच्या उलट: एका ठिकाणी अक्षर चुकले की पुढील काम मुकाट्याने थांबते, पडद्यावर काहीही घडत नाही, आणि दोषाची नोंद ब्राउझरच्या ज्या कप्प्यात झालेली असते तो कप्पा नवख्याला ठाऊक नसतो. सर्व्हरच्या पायरीवर तर दोष पानात आहे, सर्व्हरच्या आज्ञावलीत आहे, की डेटाबेसमध्ये, हेच प्रथम शोधावे लागते. वर्गात शेजारून जाणारा शिक्षक खांद्यावरून एक दृष्टिक्षेप टाकून सांगतो, की अवतरणचिन्ह बंद केलेले नाही. घरी त्याच अवतरणचिन्हासाठी रात्रीचे तीन तास जातात. हे तीन तास सर्वस्वी वाया जातात असे मी मानीत नाही, कारण स्वतः शोधलेला दोष पुन्हा होत नाही. परंतु असे तीन तास सलग चार रात्री गेले, तर अभ्यासक्रम सुटण्याची वेळ आलेली असते.

आता उपलब्ध मार्गांचा तपशील पाहू. भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली एनपीटीईएल हा उपक्रम सुरू केला, आणि २०१४ पासून त्यात प्रमाणपत्र देणारे ऑनलाइन अभ्यासक्रम आले. ९ जुलै २०१७ रोजी 'स्वयम्' या राष्ट्रीय व्यासपीठाचे उद्घाटन झाले. तेथे नावनोंदणीस मूल्य नाही. एनपीटीईएलच्या अभ्यासक्रमात साप्ताहिक असाइनमेंटला २५ आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेला ७५ गुण अशी विभागणी असून, शुल्क द्यावयाचे ते परीक्षेचे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या विनियमांनी 'स्वयम्'वरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत, आणि २०२१ च्या विनियमांनी ४० टक्क्यांपर्यंत स्वीकारण्यास मंजुरी दिली आहे. मात्र ही मंजुरी म्हणजे विद्यार्थ्याच्या हाती आपोआप पडणारा लाभ नव्हे. कोणता अभ्यासक्रम कोणत्या विषयाच्या जागी धरावयाचा हे ज्याचे त्याचे विद्यापीठ वा महाविद्यालय ठरविते. म्हणून सत्राच्या आरंभीच आपल्या महाविद्यालयाच्या दप्तरात चौकशी करून लेखी उत्तर घेणे हाच शहाणपणा, अन्यथा परीक्षा उत्तीर्ण होऊनही श्रेयांकांच्या रकान्यात काही जमा होत नाही.

ज्यांना सुटा विषय नको, संपूर्ण पदवी हवी, त्यांच्यासाठी मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २०२० साली प्रोग्रॅमिंग आणि डेटा सायन्स या विषयांचा ऑनलाइन पदवी-अभ्यासक्रम सुरू केला. त्याला प्रवेश जेईईच्या गुणांवर अवलंबून नाही. चार आठवड्यांचे पाठ प्रथम शिकवून त्यावर पात्रता-परीक्षा घेतली जाते. त्यातील पदविकेच्या पायरीवर वेब-उपयोजने रचण्याचे दोन अभ्यासक्रम आहेत. पहिल्यात फ्लास्क आणि दुसऱ्यात व्ह्यू ही साधने वापरतात, आणि प्रत्येकाला जोडून विद्यार्थ्याने स्वतः एक संपूर्ण उपयोजन रचावयाचे असते. या योजनेतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की व्याख्याने ऑनलाइन असली तरी प्रमुख परीक्षा केंद्रावर समक्ष द्याव्या लागतात, आणि रचलेल्या उपयोजनाबद्दल विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा होते. आपण लिहिलेली ओळ आपण का लिहिली, हे त्याला बोलून सांगावे लागते. उत्तम ऑनलाइन अभ्यासक्रमालाही शेवटी कोणातरी माणसासमोर बसविण्याची गरज भासते, ही नोंद पुढील विचारासाठी लक्षात ठेवावी.

परदेशी मार्गही मोकळे आहेत. हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० या नावाने प्रसिद्ध असलेला संगणक-प्रवेश आणि त्याचाच वेब प्रोग्रॅमिंगवरील पुढचा भाग विनामूल्य पाहता येतो; २०१४ साली सुरू झालेल्या फ्रीकोडकॅम्पवर ब्राउझरमध्येच ओळ लिहून तपासून घेण्याची सोय आहे. त्यांची गुणवत्ता वादातीत असली, तरी त्यांच्या दाखल्यांना आपल्या विद्यापीठांच्या दप्तरात श्रेयांकांचे मोल नसते. ते ज्ञानासाठी घ्यावेत. याखेरीज नोकरीची हमी सांगून हप्त्यांवर मोठे शुल्क घेणाऱ्या खाजगी शिकवण्याही पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे जाण्यापूर्वी हमीचा अर्थ करारात कोणत्या शब्दांत लिहिला आहे, शुल्क परत मिळण्याची मुदत किती, आणि हप्ता म्हणजे प्रत्यक्षात कोणा वित्तसंस्थेचे कर्ज तर नव्हे, हे वाचून पाहावे. 'पदवी' हा शब्द कोणी वापरीत असेल, तर त्या विद्यापीठाला त्या विषयाची ऑनलाइन पदवी देण्यास अनुदान आयोगाची मान्यता आहे काय, हे आयोगाच्या यादीत तपासता येते. आणि अभियांत्रिकीची पदवी ऑनलाइन देण्यास आयोगाची मुळीच अनुमती नाही, हे पालकांनी पक्के ध्यानात ठेवावे.

उपनगराच्या सीमेतच, पवईच्या तलावाकाठी, १९५८ साली स्थापन झालेली मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे, आणि या विषयातील तिचे कार्य आपण मराठी भाषकांनी विशेष कृतज्ञतेने स्मरावे असे आहे. प्राध्यापक दीपक फाटक यांचा प्रोग्रॅमिंगचा प्रारंभिक अभ्यासक्रम २०१४ साली एडएक्सच्या जागतिक व्यासपीठावर गेला. प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने तर भाषेची भिंतच ओलांडली. सुमारे दहा मिनिटांचा एकेक पाठ; पडद्याच्या अर्ध्या भागात तो चालू असावा आणि उरलेल्या अर्ध्यात विद्यार्थ्याने तेच प्रत्यक्ष करून पाहावे, ही त्याची पद्धत. पडद्यावरील आज्ञा इंग्रजीत राहतात, निवेदन मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येते. शिकविली जाणारी साधने मुक्त असल्याने ती विकत घ्यावी लागत नाहीत. पीएचपी आणि मायएसक्यूएल यांचे पाठही त्यात आहेत. मराठी माध्यमातून आलेला जो मुलगा इंग्रजी व्याख्यानाचा वेग न सोसल्यामुळे स्वतःला विषयात कच्चा समजतो, त्याने एकदा हे पाठ ऐकावेत. त्याचा कच्चेपणा बहुधा विषयातला नसून इंग्रजी ऐकण्याच्या सवयीतला होता, असे त्याच्या प्रत्ययास येईल.

भाषेचा प्रश्न शिकण्यापाशी संपत नाही, तो रचण्यापर्यंत जातो. सुरुवातीच्या मराठी संकेतस्थळांवर बातमी वाचावयाची तर त्या त्या स्थळाचा फाँट आधी संगणकावर उतरवून घ्यावा लागे, नाहीतर निरर्थक चिन्हांची रांग दिसे. युनिकोड या सर्वमान्य अक्षर-संकेतपद्धतीने ती आपत्ती दूर केली. पवईच्याच औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन केलेले अक्षरकार र. कृ. जोशी यांनी रचलेल्या 'मंगल' फाँटने देवनागरी सामान्य संगणकावर आणली, आणि पुढे मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षरकार-मंडळाचे 'मुक्ता', 'बलू' यांसारखे फाँट सर्वांना विनामूल्य उपलब्ध झाले. २७ ऑगस्ट २०१४ पासून संकेतस्थळाचे नावही 'डॉट भारत' असे देवनागरीत घेता येते. तरीही आपली कित्येक मराठी पाने सदोष असतात. पानाच्या आरंभी त्याची भाषा मराठी असल्याची खूण लिहिली, तर ज्या फाँटमध्ये तशी व्यवस्था आहे तो ल आणि श ही अक्षरे मराठी वळणाने दाखवितो. ती खूण नसली की तीच अक्षरे हिंदी वळणाने उमटतात. एका ओळीचे हे काम आहे. इंग्रजीतून शिकविणाऱ्या अभ्यासक्रमात ते सहसा येत नाही; मराठी विद्यार्थ्याने ते आपले कर्तव्य म्हणून शिकून घ्यावे.

आता घराकडे वळू. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइलवरील डेटा स्वस्त झाला आणि व्याख्यान पाहणे सुलभ झाले. मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या तेव्हा घाटकोपर-अंधेरीच्या महाविद्यालयांचे वर्गच विद्यार्थ्यांच्या घरात आले. त्या काळाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. मोबाइलवर पाठ ऐकता येतो, परंतु शंभर ओळी लिहिणे, त्या शेजारी पान उघडून पाहणे आणि पुन्हा दुरुस्त करणे यासाठी कळफलक आणि मोठा पडदा लागतो; जुना, दुरुस्त केलेला संगणक या कामास पुरतो, तेव्हा खर्चाचा पहिला रुपया तिकडे जावा. दुसरी गोष्ट म्हणजे जागा. एका खोलीत पाचजण राहतात, दूरदर्शन-संच चालू असतो, धाकट्याची शाळा त्याच टेबलावर असते, आणि विद्यार्थी रात्री अकरानंतर आपला दिवस सुरू करतो, ही कुठल्याही चाळीतली वस्तुस्थिती आहे. उपनगरांनी याला पूर्वीच एक उत्तर शोधलेले आहे, ते म्हणजे अभ्यासिका. पार्ल्याचा १९२३ सालचा लोकमान्य सेवा संघ, मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ यांसारख्या संस्थांनी ग्रंथालये आणि उपक्रम यांच्याद्वारे विद्येला सार्वजनिक छप्पर दिले. पण अभ्यासिकेचा पहिला नियम शांतता हा असतो, आणि ही विद्या बोलून शिकावयाची आहे. आठवड्यातून एक सायंकाळ, एका टेबलापुरती, हा नियम शिथिल करून 'आपले पान दाखवा' अशी बैठक भरविली, तर संस्थांना त्यासाठी विशेष खर्च नाही, आणि ऑनलाइन अभ्यासक्रमाची मोठी उणीव भरून निघेल.

ती उणीव किती मोठी आहे, हे अमेरिकेतील अनुभवावरून दिसते. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या एडएक्सवरील अभ्यासक्रमांची पाहणी २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. नाव नोंदविणाऱ्यांपैकी अर्ध्याहून अधिक जणांनी अभ्यासक्रमात पाऊलही टाकले नव्हते, आणि २०१७-१८ या वर्षात सर्व सहभागींपैकी पूर्णत्वास गेले ते केवळ ३.१३ टक्के. परंतु ज्यांनी प्रमाणपत्रासाठी शुल्क भरले होते त्यांचे प्रमाण कितीतरी पटींनी अधिक होते. यातून घ्यावयाचा बोध असा, की विनामूल्य नोंदणी हा संकल्प नव्हे. परीक्षेची तारीख, भरलेले शुल्क, वाट पाहणारा सोबती, यांपैकी काहीतरी बंधन स्वतःवर घालून घेतल्याशिवाय घरचा अभ्यास तडीस जात नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून या विषयाला एक नवे वळण लागले आहे. मागितले की पानाची सगळी आज्ञावली क्षणात लिहून मिळते. मग शिकावयाचे कशाला, असा प्रश्न मुले विचारतात. रात्रीच्या त्या हरवलेल्या अवतरणचिन्हासाठी अशा साधनाचा उपयोग मी अनुचित मानीत नाही. शेजारी शिक्षक नसताना तो मोठाच आधार आहे. पण मिळालेले उत्तर योग्य आहे की नुसते योग्य दिसते, हे ठरविण्याची शक्ती स्वतः चुका करून आणि त्या निस्तरूनच येते. आणि मुलाखतीत ओळीवर बोट ठेवून 'हे असे का?' असे विचारले गेले, तर उत्तर उमेदवारालाच द्यावे लागते. त्या उत्तराची तालीम पडद्यासमोर एकट्याने बसून होत नाही.

तेव्हा आढाव्याचा निष्कर्ष असा निघतो. उपनगरातील विद्यार्थ्याने हा अभ्यासक्रम अवश्य घ्यावा. श्रेयांक हवे असल्यास 'स्वयम्'चा, पदवी हवी असल्यास मान्यताप्राप्त विद्यापीठाचा, आणि भाषेची अडचण असल्यास आरंभ मराठी पाठांनी करावा. पहिल्या महिन्यातच स्वतःचे एक पान मराठीत रचावे. आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या सूचनांचे, गणेशोत्सव मंडळाच्या हिशेबाचे, आजीच्या पाककृतींचे, कशाचेही चालेल, पण ते दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगाचे असावे, म्हणजे त्यातले दोष कोणीतरी सांगेल. ऑनलाइन अभ्यासक्रमाने बोरिवलीच्या मुलाचे दादरमार्गे मुलुंडला जाण्याचे श्रम वाचविले आहेत, आणि रोजचे दोन-तीन तास त्याच्या पदरात टाकले आहेत. आठवडाभरात वाचलेल्या त्या तासांपैकी एक तास त्याने आपले पान घेऊन कोणा जाणत्यापाशी, अथवा आपल्याइतक्याच नवख्या सोबत्यापाशी, जाऊन बसण्यात खर्च करावा. उरलेले सगळे तास त्या एका तासाने सार्थकी लागतील, असा माझा पूर्ण विश्वास आहे.